ठिबकवाल्याचा हात

दीक्षाचा फोन आला तेव्हा रोहिदास दुकानात लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, वेटोळ्यावर बसून एका शेतकऱ्याचे चोक झालेले ड्रिपर सुईनं टोकरत होता. फोनवर नाव दिसलं आणि सुई बोटात गेली. सात महिन्यांत त्या नावाचा फोन आला नव्हता. शेवटचा आला होता तो त्याच्या बायकोच्या, सुषमाच्या, दहाव्याच्या आदल्या दिवशी, नवी नोकरी आहे, रजा मिळत नाही, येता येणार नाही म्हणून. शिरूरला असताना आठवड्यातून दोनदा घरी येऊन सुषमाच्या नळीचं ड्रेसिंग करणारी नर्स ती. सुषमाला काकू म्हणायची, त्याला काका. आता दौंडला एका लहान दवाखान्यात होती. "काका, एक काम होतं," ती म्हणाली. "माझ्याकडे एक पेशंट आहेत. काकूंसारखीच नळी आहे. पण त्यांच्या मंडळी नळीला हात लावायला तयार नाहीत. मी सांगून थकले. तुम्ही एकदा येऊन दाखवाल का? तुमच्याइतकं स्वच्छ काम मी आमच्या स्टाफमध्येपण बघितलं नाही." रोहिदास "बघू" म्हणाला. मग "रविवारी येतो" म्हणाला. हे दुसरं आपण का म्हणालो ते त्याला कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं बोटावरचा रक्ताचा थेंब पँटला पुसला आणि समोरच्या मार्केट यार्डाच्या फाटकातून आत-बाहेर होणारे कांद्याचे टेम्पो बघत बसला. येतो म्हणालो ते दाखवायला नव्हे, हे थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं. जायचं ते सांगायला. जी गोष्ट त्यानं पुण्याच्या डॉक्टरला सांगितली नाही, पोरीला, मोनालीला, सांगितली नाही, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता दुसऱ्याच्या घरात जाऊन सिरिंज हातात धरणं म्हणजे निव्वळ खोटेपणा होता.

तीस वर्षं तो ठिबकच्या धंद्यात होता. आधी दुसऱ्याच्या हाताखाली फिटर, मग स्वतःचं दुकान. घोड नदीच्या काठानं कांदा, डाळिंब, शेवंती, ज्याच्या त्याच्या रानात त्याच्या हातच्या नळ्या पसरलेल्या होत्या. या भागातलं पाणी जड. क्षार धरतं, गाळ धरतं, ड्रिपर बंद पडतात आणि शेतकरी दुकानात येऊन म्हणतो, रोहिदासभाऊ, पाणीच पुढं जाईना. मग तो रानात जायचा, लॅटरलच्या टोकाची एंड कॅप काढायचा आणि मोटर पूर्ण दाबावर सोडायला सांगायचा. नळी फुरफुरायची, थरथरायची, मग टोकातून आधी लाल गाळ, पांढरे कपटे, शेवाळ्याची गाठ, आणि मागून एकदम स्वच्छ पाणी. तो क्षण त्याला फार आवडायचा. सुटलं, असं तो म्हणायचा. शेतकरी चहा पाजायचा. गेले सात महिने मात्र रानात गेला तर कॅप शेतकऱ्यालाच काढायला लावायचा आणि स्वतः बांधावर नळीकडं पाठ करून उभा राहायचा. लोक म्हणायचे, बायको गेल्यापासून माणसाचं लक्ष लागत नाही. तो ते तसंच राहू द्यायचा.

पुण्याच्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. हे यकृत, ही पित्ताची वाट, आणि इथं ही गाठ. गाठीनं वाट बंद केली म्हणून पित्त रक्तात चढतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. गाठ काढण्यासारखी नाही. पण उजव्या फासळ्यांमधून एक बारीक नळी आत घालून पित्त बाहेर पिशवीत काढता येईल, म्हणजे जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाचे जातील. रोहिदासला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हंजी मेन लाईन चोक हाय, तर बाजूनं आउटलेट काढायचा," तो म्हणाला. डॉक्टर हसले. "इंजिनिअर आहात का?" "ठिबकवाला." सुषमा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाली, "ह्यांना सगळी दुनिया नळीच दिसती." त्या हसण्याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. कॅन्सरपुढं आपला काही तरी हुन्नर चालणार असं वाटलं होतं.

आणि चाललाही. पिवळेपणा उतरला, खाज गेली, दोन महिन्यांत पहिल्यांदा सुषमा सलग झोपली. पंधरा दिवस बरे गेले. मग नळीचे एकेक खेळ सुरू झाले. टाका सैल झाला. नळीच्या कडेनं पित्त झिरपून ड्रेसिंग भिजायला लागलं आणि तिथली कातडी पोळल्यासारखी सोलली. एकदा मोरीच्या दाराच्या कडीत पिशवीचा बंद अडकला आणि नळी दोन बोटं बाहेर आली. तेव्हा शिक्रापूरच्या ट्रकांच्या रांगेत दीड तास अडकून पुण्याला जाऊन नवी बसवावी लागली. त्यानंतर त्यानं नळी कातडीत शिरते तिथं पेनानं खूण केली, जशी तो पाईपवर करायचा, आणि रोज सकाळी खूण जागेवर आहे का ते बघू लागला. एकदा पिशवीत लालसर दिसलं, पण दोन दिवसांत आपोआप थांबलं. सकाळी हात कोपरापर्यंत धुवायचे. मग सिरिंजमध्ये दहा मिली सलाईन, नळीच्या तोंडाचा खटका सिरिंजकडं फिरवायचा, हळू आत सोडायचं, मागं ओढायचं नाही, खटका परत पिशवीकडं. दीक्षानं एकदा दाखवलं, दुसऱ्या वेळेपासून त्यानंच केलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की आत जाताना अडलं तर थांबा आणि फोन करा. तो कागद त्यानं सेलोटेपनं कपाटाला चिकटवला होता.

श्रावणातल्या त्या बुधवारी पिशवी सकाळपासून कोरडी होती. दीक्षा त्याच आठवड्यात दौंडला रुजू झाली होती. सुषमाचे डोळे परत पिवळसर दिसत होते, ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं सिरिंज लावली. दट्ट्या पुढं जाईना. फोन शर्टाच्या खिशात होता, कागद कपाटावर होता. अडलं तर थांबा. पण थांबायचं डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. हातानं तीस वर्षं एकच गोष्ट केली होती. त्यानं सिरिंज मुठीत धरली आणि तळहाताचा जोर देऊन दट्ट्या आत दाबला. सुषमा ओरडली नाही. तिनं खाटेची लोखंडी पट्टी धरली आणि म्हणाली, "सावकाश हो." मग एकदम हाताखालचं सैल झालं. नळीतून गढूळ, कपटे असलेलं पित्त आलं, मागून हिरवं, आणि पिशवीत धार लागली. "सुटलं बघ," तो म्हणाला. आनंदानं म्हणाला. हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त टोचत राहिलं, तो आनंद. अर्ध्या तासानं ती म्हणाली, गोधडी द्या. मग दुसरी द्या. मग तिचे दात वाजायला लागले आणि खाट फरशीवर खडखडायला लागली. पुण्याला कोवळ्या वयाच्या एका डॉक्टरनं विचारलं, "नळीला घरी काही केलं का? जोरात फ्लश वगैरे?" रोहिदास म्हणाला, "न्हाई." जंतू रक्तात गेले होते. नवव्या दिवशी सुषमा गेली.

रविवारी दौंडच्या एसटीत तो खिडकीशी बसला. फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं होतं. न्हावऱ्यापर्यंत त्यानं मनात वाक्य जुळवलं, दीक्षा, तुला एक सांगायचं हाय. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी बघताना ते वाक्य पुढं नेलं, काकूला मी मारलं. हे फार झालं असं वाटून चौफुल्याला बदललं, माझ्या हातनं झालं. पाटस आलं तोवर एकही वाक्य तोंडात बसत नव्हतं. त्याला आठवलं, सुषमा बसमध्ये खिडकी कधी मागायची नाही, पण त्यानं दिली नाही तर घरी जाऊन दोन दिवस बोलायची नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी तिच्या मनातलं त्याला असंच उशिरा कळायचं. तिला काय पाहिजे ते ती सांगायची नाही, आणि तो विचारायचा नाही, आणि तरी संसार झाला.

स्टँडवर दीक्षा स्कूटी घेऊन उभी होती. "काका, वाळलात की हो. जेवता का नुसता चहा पिता?" तो मागं बसला. रेल्वेच्या मोरीखालून जाताना वरून मालगाडी चालली होती. त्यानं तोंड उघडलं, पण त्या धडधडीत सांगण्यासारखं ते नव्हतं. मालगाडी लांबलचक होती. ती संपली तोवर गोपाळवाडी रस्ता लागला आणि घर आलं.

पोपटराव रेल्वेतून रिटायर झालेले. पलंगावर लोडाला टेकून बसले होते, कमरेला नाडीनं पिशवी बांधलेली. "या," ते म्हणाले. "ही आमची हापिसची बॅग. नोकरीत कवा मिळाली न्हाई, आता मिळाली." त्यांची बायको ताईबाई पदराच्या टोकाला गाठी मारत भिंतीशी उभी होती. "ह्यांना मस्करी सुचती," ती रोहिदासला म्हणाली. "मला त्या नळीकडं बघवतच न्हाई. पोरगा शिक्रापूरला कंपनीत, शिफ्ट आसती. मी कशी करू? माझा हात बघा कसा हालतोय."

"चाळीस वर्सं लाटणं धरताना न्हाई हालला," पोपटराव म्हणाले.

"लाटण्याखाली तुम्ही नव्हता."

दीक्षानं ट्रे मांडला. रोहिदास मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. हात धुणं हाताला आठवत होतं. सिरिंजमध्ये सलाईन भरणं, हवा काढणं, तेही आठवत होतं. तो पलंगाच्या कडेला बसला. पोपटरावांनी बनियन वर केलं. तीच जागा, उजव्या फासळ्या, तोच पांढरा चौकोन, तीच नळी. त्यानं सिरिंज जोडली, खटका फिरवला आणि अंगठा दट्ट्यावर ठेवला. अंगठा पुढं गेला नाही. नळी अडली होती म्हणून नव्हे. त्यानं दाबलंच नव्हतं. घरातला पंखा फिरत होता, ताईबाई श्वास रोखून बघत होती, आणि त्याला खाटेची लोखंडी पट्टी धरलेली सुषमाची बोटं दिसत होती, मधल्या बोटाचं नख निम्मं वाढलेलं. त्यानं खटका बंद केला आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"दीक्षा," तो म्हणाला, "मला ह्यातलं शिकवायचा अधिकार न्हाई. त्या बुधवारी नळी चोक होती. मी थांबलो न्हाई. जोर लावून ढकललं. लॅटरल फोडतो तसं. त्यानंतर आर्ध्या तासात तिला थंडी वाजली. डॉक्टरनं इचारलं तर मी न्हाई म्हणालो." एवढंच. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. ताईबाई खाली बसली. पोपटरावांनी बनियन खाली ओढलं.

दीक्षा त्याच्याकडं वळली. "काका," ती म्हणाली, "ताप तर रविवारपासून होता ना?"

"कुणाला?"

"काकूंना. रविवारी रात्री थंडी वाजली, सोमवारी परत. मी त्यांना म्हणाले, आजच्या आज पुण्याला जा. त्या म्हणाल्या, ह्यांना सांगते. बुधवारी ॲडमिट केल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, सांगितलं असेल." मग त्याच्या तोंडाकडं बघून ती थांबली. "तुम्हाला माहीतच नव्हतं?"

तिनं फोन काढला आणि बोटानं खूप मागं गेली. त्यात कुणाकुणाच्या जखमांचे फोटो, ड्रेसिंगचे फोटो, लग्नाच्या पत्रिका वर सरकत गेल्या. मग सुषमाचा एक व्हॉइस मेसेज लावून तिनं फोन त्याच्यासमोर ट्रेच्या कडेला ठेवला. सुषमाचा आवाज आला, कुजबुजत्या सुरात, तोंड फोनला अगदी चिकटवून बोलायची तशी. "दीक्षा, अगं काल रातच्याला लई थंडी वाजली बघ. आत्ता परत वाजली. गोळी घेतली, उतरलंय. ह्यांना काय बोलले न्हाई मी. ह्यांना सांगितलं का हे लगीच गाडी काढणार आन् मला तिकडं नेऊन टाकणार. मोनाली शुक्रवारी यायचीय. चार दिस घरात राहू दे मला." मागं कुकरची शिट्टी झाली आणि लांबून एका पुरुषाचा आवाज आला, "चहा टाकू का गं?" सुषमा फोनपासून तोंड फिरवून म्हणाली, "टाका. साखर घाला पण." आणि तिथं ते संपलं.

तो पुरुष आपण आहोत हे कळायला रोहिदासला वेळ लागला. तो माणूस सोमवारी दुपारी चहाचं विचारत होता आणि त्याला काहीही माहीत नव्हतं. त्याच्या हातनं अजून काही झालेलं नव्हतं आणि आत खाटेवर ताप आधीच येऊन बसला होता. रोहिदासनं दीक्षाला ते परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं फक्त वार आणि वेळ बघितली. सोमवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही," दीक्षा म्हणाली. "जोरात ढकलायला नको होतं. त्यानं जंतू लवकर पसरले असतील. मी तिथं असते तर तुम्हाला चांगलं झापलं असतं. पण नळी आतून गाठीनंच बंद होत आली होती, पित्त तुंबून सडलं होतं. ते तुम्ही आणलं नाही. थंडी वाजली त्या दिवशी गेला असता तर कदाचित थोडे दिवस मिळाले असते. किती, ते डॉक्टरपण सांगू शकणार नाहीत."

रोहिदासनं मान हलवली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.  सात महिने जो माणूस स्वतःला खुनी समजत होता तो आता चुकणारा, आडमुठा, सांगितलेलं न ऐकणारा ठिबकवाला झाला होता. हा माणूस त्याच्या ओळखीचा होता. ह्याच्याबरोबर राहता येत होतं. आणि त्याच वेळी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याला सुषमाचा राग आला. पाऊण फूट अंतरावर झोपलेल्या माणसाला थंडी वाजलेली सांगायची नाही, आणि दौंडच्या पोरीला फोनवर सांगायची.

तो पोपटरावांकडं वळला. "मामा, ताईबाईला शिकवणं सोपं हाय. ती शिकंल. आधी तुम्ही शिका. थंडी वाजली का सांगायचं. त्याच तासाला. रात आसू द्या न्हाईतर पोराची शिफ्ट आसू द्या. गोळी घिऊन गप पडायचं न्हाई. दुसऱ्याला तरास नको म्हणून लपवणं ह्याला मोठेपणा म्हणत न्हाईत." त्याचा आवाज चढला होता. परक्याच्या घरात, पहिल्याच भेटीत, आजारी माणसाला तो दरडावत होता, आणि ते त्याला कळत होतं, तरी थांबता येईना. "मागनं जो राहतो त्याला काय वाटत आसंल ह्याचा इचार करा जरा."

पोपटराव लोडाच्या झालरीशी चाळा करत राहिले. ताईबाईनं त्यांच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं बघत आल्यासारखं बघितलं. "काय वो?" ती म्हणाली.

"काय न्हाई."

"तोंड वर करा."

"परवा वाजली थोडी," पोपटराव म्हणाले. "तू देवळात गेली व्हतीस. आन् काल पहाटं."

दीक्षानं ताबडतोब थर्मामीटर काढला. ताप एकशे एक होता. ताईबाईनं उठून भिंतीवरची शबनम घेतली, फाइल घातली, टॉवेल घातला, नवऱ्याचा चष्मा घातला, आणि ह्या सगळ्यात तिचा हात एकदाही हलला नाही. रिक्षा आली. चढताना पोपटराव रोहिदासला म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही शिकवायला आलता का धाडी टाकायला?" ताईबाईनं त्यांना आत ढकललं. "हळू," दीक्षा म्हणाली. "ह्यास्नी हळू चालत न्हाई," ताईबाई म्हणाली, आणि मग रोहिदासकडं वळून हात जोडले, पटकन, जणू उशीर होत होता म्हणून तेवढंच.

साडेतीनपर्यंत तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. डॉक्टरांनी रक्त काढलं, सलाईनमधून इंजेक्शन सुरू केलं, पुण्याशी फोनवर बोलून उद्या सकाळी नळी बदलायची ठरवली. दीक्षा बाहेर आली आणि म्हणाली, वेळेत आलेत. अजून रक्तदाब चांगला आहे. मग म्हणाली, काका, पुढच्या रविवारी या, ताईबाईंचं शिकायचं राहिलंच. तो येतो म्हणाला. ह्या वेळी का म्हणालो असं त्याला वाटलं नाही. स्टँडवर त्यानं दोन प्लेट मिसळ खाल्ली, पाव दोनदा मागून घेतले, आणि शिरूरची गाडी लागली तेव्हा खिडकीशी जाऊन बसला.

चौफुल्यापर्यंत त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा उसाच्या ट्रॉल्या बाजूनं चालल्या होत्या आणि तो मनात सुषमाशी बोलत होता. सांगायला काय झालं व्हतं? गाडी काढली आसती, व्हय, काढलीच आसती. मग काय बिघडलं आसतं? मोनालीला मी दवाखान्यात आणलं आसतं. तुला घरात ऱ्हायचं व्हतं तर तसं म्हणायचं, मी काय वाघ हाय का? मी चुकलो, कबूल हाय. पण तूबी चुकलीस. ती नेहमीप्रमाणं काही बोलत नव्हती. एकतीस वर्षं भांडणात ती अशीच गप्प व्हायची, आणि तो एकटाच बोलत राहायचा, आणि शेवटी हरायचा. आज हरायचं नाही असं ठरवून तो पुढं बोलत राहिला. न्हावऱ्याला चढून शेजारी बसलेली, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी घेतलेली बाई त्याच्याकडं बघत होती, तेव्हा त्याला कळलं की आपण केव्हापासून तरी मोठ्यानं बोलतोय.

"मामा, मला म्हणला का?" बाईनं विचारलं.

"न्हाई," रोहिदास म्हणाला. "आमचं घरचं भांडण हाय."

बाईनं त्याच्या फोन नसलेल्या कानाकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. "मग चालू द्या," ती म्हणाली आणि पलीकडं तोंड करून बसली. रोहिदासनं ते शिरूर येईपर्यंत चालू दिलं.